समेट आधी की समता आधी?



आजचा विषय आहे कौटुंबिक न्यायालयं आणि स्त्री-पुरुष समता. निमंत्रण आलं तेव्हा आम्ही आयोजकांना सांगितलं, की बाबांनो, आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. त्यावर ते म्हणाले, “कायदा काय आहे हे वकील सांगतातच. तो कशासाठी आहे, हे कुणीतरी विचारायला हवं.” यावर नाही म्हणणं अवघड होतं. तेव्हा आज आपण एका संस्थेचं परीक्षण करणार आहोत. पुस्तकाचं परीक्षण करताना आपण काय विचारतो? लेखकानं जे करायचं ठरवलं होतं ते त्याला साधलं का, आणि मुळात जे ठरवलं ते पुरेसं होतं का. हेच दोन प्रश्न कौटुंबिक न्यायालयाला विचारायचे आहेत.

सुरुवात एका बाकापासून करू.

काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या कौटुंबिक न्यायालयात आम्ही अख्खा दिवस बाकावर बसून काढला. शहर कोणतं ते महत्त्वाचं नाही. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला होता, “सर, काही बोलू नका, नुसते शेजारी बसा.” एम.ए.ला चांगली होती. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतही होती. लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्या झाल्या, तीन वेळा बिऱ्हाड हललं, आणि दुसऱ्या बदलीच्या वेळी तिचं शिकवणं सुटलं ते सुटलंच. लग्नाच्या सतराव्या वर्षी ती या बाकावर येऊन बसली होती. आत समुपदेशक बाईंनी दोघांना बोलावलं. बाई कनवाळू होत्या, हे मुद्दाम सांगतो. त्या म्हणाल्या, मुलाचं दहावीचं वर्ष आहे, घाई करू नका, घरी जाऊन शांतपणे विचार करा. बाहेर आल्यावर ती आम्हाला एवढंच म्हणाली, “सर, विचार करायला मी तयार आहे. पण कुठल्या घरी जाऊन करू?”

पुढे पोटगीच्या अर्जाला तारखांमागून तारखा पडत गेल्या. चौदाव्या महिन्यात तिनं तडजोडीवर सही केली. मुलगा तिच्याकडे राहील, आणि ती स्वतःच्या पोटगीवरचा दावा सोडेल. कागदोपत्री प्रकरण तडजोडीनं निकाली निघालं. त्या वर्षीच्या तक्त्यात ते यशाच्या रकान्यात गेलं असणार. आमचं आजचं सगळं बोलणं त्या रकान्याबद्दल आहे.

आता जरा मागे जाऊ. हे न्यायालय आलं कुठून? १९७४ साली विधी आयोगाचा ५९ वा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं, की कुटुंबातल्या वादांकडे नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा अगदी वेगळ्या नजरेनं पाहायला हवं. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतातल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीनं आपला गाजलेला अहवाल दिला. ‘समतेकडे’ असा त्याच्या नावाचा अर्थ. त्या अहवालानंही वेगळ्या कौटुंबिक न्यायालयांची शिफारस केली. पुढे दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, कौटुंबिक न्यायालय अधिनियम झाला. महाराष्ट्रात पहिलं न्यायालय पुण्यात १९८९ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईतही झालं.

कल्पना चांगली होती, यात शंका नाही. दिवाणी कोर्टात जमिनीचे, भाड्याचे, हुंड्यांचे दावे चालायचे, त्यातच नवरा-बायकोचा दावा. उलटतपासणीत बाईच्या अब्रूची लक्तरं निघायची. नव्या कायद्यानं हे वातावरण बदलायचं ठरवलं. वकील लावणं हा इथं आपोआप मिळणारा हक्क नाही. पुराव्याच्या कायद्याची कडक चौकट नाही, जे वादाच्या उलगड्याला उपयोगी ते न्यायालय पाहू शकतं. पक्षकारानं इच्छा दाखवली तर कामकाज बंद दाराआड होतं. मदतीला समुपदेशक. न्यायाधीश नेमताना स्त्रियांना प्राधान्य. दगडी इमारतीत थोडी माणुसकी आणायची, असा तो प्रयत्न होता, आणि तो अजूनही जिथं नीट चालतो तिथं त्याचे गुण दिसतात.

पण मंडळी, परीक्षकानं प्रस्तावना नीट वाचायची असते. या कायद्याच्या प्रस्तावनेत दोन हेतू सांगितले आहेत. विवाह आणि कुटुंबाविषयीच्या वादांमध्ये समेटाला चालना देणं, हा एक. ते वाद लवकर मिटवणं, हा दुसरा. बस. समता हा शब्द तिथं नाही. न्यायालयाची मागणी ज्या अहवालानं केली त्याच्या नावातच समता होती. जो कायदा आला त्याच्या प्रस्तावनेतून ती गळाली. समेट आणि समता, दोन्ही ‘स’नंच सुरू होतात म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल, असं कुणाला वाटलं असेल की काय, कुणास ठाऊक.

पुढे कलम चार पाहा. न्यायाधीश कसा असावा? विवाहसंस्थेचं रक्षण आणि जतन करण्याच्या गरजेशी बांधील असलेल्या व्यक्ती निवडल्या जाव्यात, असा प्रयत्न करायचा आहे. आता आम्हाला सांगा, घरमालक-भाडेकरूंच्या वादासाठी न्यायाधीश नेमताना ‘घरमालकी या संस्थेच्या जतनाशी बांधील’ अशी अट घातली, तर भाडेकरू काय म्हणेल? न्यायाधीश कितीही सज्जन असो, त्याला खुर्चीवर बसवतानाच आपण सांगितलं आहे की काय वाचवायचं आहे. समोर दोन माणसं आहेत, आणि त्यांच्यामध्ये तिसरी एक संस्था बसली आहे, जिला कधी कुणी उलटतपासणीला बोलावत नाही.

लग्न टिकावं असं आम्हालाही वाटतं. आमचं टिकलं आहे, सेहेचाळीस वर्षं झाली. पण ते टिकलं याचं श्रेय विवाहसंस्थेला द्यावं की आमच्या सौभाग्यवतींच्या सोशिकपणाला, हा प्रश्न आमच्या घरात अनिर्णित आहे. (हशा) हसलात ना? हसू आलं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. संस्था टिकते म्हणतो तेव्हा बहुतेकदा तिचं ओझं कुणीतरी एकजण वाहत असतं. ते ओझं कुणाच्या खांद्यावर आहे हे न विचारता ‘टिकवा’ म्हणणं म्हणजे त्या खांद्यालाच आणखी थोडं वाहायला सांगणं.

इथं ॲरिस्टॉटलची आठवण होते. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्यानं लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचं उदाहरण दिलं आहे. ते शिशाची पट्टी वापरत. लोखंडी पट्टी सरळच राहते, शिशाची दगडाच्या आकाराप्रमाणे वळते. तसा न्यायही प्रसंगाप्रमाणे वळणारा हवा, असं तो म्हणतो. कौटुंबिक न्यायालय ही आपली शिशाची पट्टी. पण वळणाऱ्या पट्टीत एक धोका असतो, आणि तो तिच्या गुणातूनच येतो. ती ज्याचा दाब जास्त त्याच्याकडे वळते. दोन पक्षकार समसमान बळाचे असतील तर लवचीकपणा दोघांच्या कामाचा. एकाच्या हातात घर, पगार, वकील आणि वेळ असेल, आणि दुसरीच्या हातात माहेरच्यांनी दिलेली एक पिशवी, तर तिच्यासाठी कडक नियमच बरा. नियम निदान कुणाकडे बघून हसत नाही आणि रागावतही नाही.

ज्या वर्षी पुण्यात हे न्यायालय सुरू झालं, त्याच वर्षी, १९८९ मध्ये, सूझन मोलर ओकिन या तत्त्वज्ञ बाईंचं न्याय, लिंगभाव आणि कुटुंब यांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. न्यायाचे मोठमोठे सिद्धान्त मांडणाऱ्यांनी कुटुंबाचा उंबरठा ओलांडलाच नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचं म्हणणं आमच्या भाषेत सांगायचं, तर घरात कुणाचा शब्द चालतो हे अखेर घराबाहेर पडणं कुणाला परवडतं यावर ठरतं. आणि ते कुणाला परवडेल हे लग्नानंतरच्या वर्षांत कामाची जी वाटणी होते त्यावर ठरतं. एकाचा अनुभव वाढतो, पगार वाढतो. दुसरीची वर्षं स्वयंपाकात, मुलांच्या डब्यांत आणि सासूबाईंच्या औषधांत जातात. मग समेटाच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसतात, तेव्हा खुर्च्या सारख्या उंचीच्या असतात, बसणारे नसतात.

या टेबलावरचं सगळ्यात मोठं शस्त्र कोणतं? वेळ. ज्याला थांबणं परवडतं, तो जिंकतो. कायदा हे जाणतो, बरं का. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, ही तरतूद २००१ पासून आहे. प्रत्यक्षात काय होतं? सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये एक प्रकरण निकालात काढलं. त्यात पत्नीनं पोटगीचा अर्ज केला होता २००२ साली, आणि कौटुंबिक न्यायालयाचा निर्णय आला २०११ साली. नऊ वर्षं! सर्वोच्च न्यायालयानं त्यावर नाराजी व्यक्त केली. पण नाराजीनं नऊ वर्षांचा किराणा भरत नाही.

पुढे २०२० च्या नोव्हेंबरात ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल आला. ते प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. त्या निकालात देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ती आल्यावर अंतरिम पोटगीचा निर्णय जास्तीत जास्त चार ते सहा महिन्यांत करण्याचा प्रयत्न करायचा. आणि पोटगी आदेशाच्या तारखेपासून नाही, अर्जाच्या तारखेपासून द्यायची. हा शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण तत्त्व म्हणून फार मोठा आहे. पोटगी आदेशापासून मिळणार असेल तर प्रत्येक तारीख पुढे ढकलण्यात एका पक्षाचा रोख फायदा असतो. अर्जापासून मिळणार म्हटलं की तो फायदा संपतो. ज्या निकालात उशिराची किंमत कुणी भरायची हे ठरवलं जातं, तो आमच्या मते समतेचा निकाल. त्यात समता हा शब्द किती वेळा आला हे मोजायची गरज नाही.

आता भाषेकडे वळू, कारण आमच्या मराठीत या सगळ्या कहाणीची गुरुकिल्ली आहे. ‘नांदणं’ हे क्रियापद घ्या. मूळ अर्थ किती सुंदर! सुखानं राहणं, वसणं. घरात लक्ष्मी नांदते, गावात शांतता नांदते. पण लग्नाच्या संदर्भात नांदते कोण? सून. नवरा काय करतो? तो ‘नांदवतो’. ‘तो तिच्याकडे नांदायला गेला’ असं म्हणून पाहा, ऐकणारा हसेल. एकजण सुखानं राहण्याची जबाबदारी घेणार आणि दुसरा ते सुख देण्याचा किंवा न देण्याचा अधिकार. व्याकरणानंच विषमता पक्की करून ठेवली आहे. कोर्टाच्या आवारात आजही बायका म्हणतात, “त्यांनी नांदायला येण्याची केस टाकली.” कायद्याच्या भाषेत त्याला वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना म्हणतात.

या दाव्याचा इतिहास आपल्याच मुंबईत घडला. रखमाबाईंचं लग्न लहानपणी झालं होतं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा केला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात प्रकरण परत आलं, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं, आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. गंमत अशी, की हा उपाय आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आला. इंग्लंडनं तो १९७० च्या कायद्यानं रद्द केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनेत बसतो असं म्हटलं. त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला.

आज या दाव्यात तुरुंग नाही, आणि शब्दांच्या पातळीवर तो पूर्ण समान आहे. नवराही करू शकतो, बायकोही करू शकते. मग आक्षेप काय? तर शब्दांतली समानता आणि वापरातली समानता या दोन गोष्टी आहेत. बायकोनं पोटगी मागितली की उत्तरादाखल ‘ये नांदायला’ हा दावा टाकायचा, म्हणजे ती आली नाही तर दोष तिचा, ही युक्ती कोर्टाच्या बाकांवर सगळ्यांना पाठ आहे. म्हणून तर २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं, की असा हुकूमनामा झाला आणि पत्नीनं तो पाळला नाही, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप जात नाही. ती का गेली नाही ते पाहावं लागेल. रखमाबाईंनी नकार दिला त्याला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून ‘ती का आली नाही’ या प्रश्नाभोवती फिरतो आहोत.

दुसरा शब्द ‘पोटगी’. या शब्दात पोट आहे, वाटा नाही. उपाशी राहू नये एवढी सोय. कायदा विचारतो, तिला स्वतःचं भागवता येतं का? तो हे विचारत नाही, की त्या घरात जे उभं राहिलं त्यात तिचं किती होतं?

इथं एक विसंगती दाखवतो. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं मोटार अपघाताच्या एका प्रकरणात गृहिणीच्या घरकामाला पैशात मोल आहे, हे ठणकावून सांगितलं. न्यायमूर्ती रमणा यांनी त्यात २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे गृहिणी रस्त्यावर अपघातात गेली, तर तिच्या श्रमाची किंमत करता येते. तीच गृहिणी जिवंतपणी, आपल्या पायांनी चालत कौटुंबिक न्यायालयात आली, तर तिच्या त्याच श्रमातून उभ्या राहिलेल्या घरात तिचा वाटा किती, हे ठरवायला कायद्यात जागा नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ फक्त लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतं बोलतं. भांडीकुंडी आणि दागिने. पुढच्या सतरा वर्षांत घेतलेला फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचा.

असं सगळीकडे नाही, हे आपल्या शेजारी गोव्यात दिसतं. तिथं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि विभक्त होताना निम्मा वाटा मिळतो. त्या संहितेनं सामाईक मालमत्तेचा कारभार मात्र नवऱ्याच्याच हाती दिला होता, त्यामुळे तिला आदर्श म्हणता येणार नाही. पण वाट्याची कल्पना भारताच्या भूमीवर अशक्य नाही, एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं. बाकी देशासाठी घटस्फोटाच्या वेळी पत्नीला मालमत्तेत हिस्सा देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेचा कार्यकाळ संपला आणि ते बारगळलं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका प्रकरणात गृहिणीच्या श्रमाला मालमत्तेतलं योगदान मानून तिला निम्मा हिस्सा दिला. चांगलं झालं. पण जो हक्क एखाद्या न्यायाधीशाच्या न्यायबुद्धीवर अवलंबून असतो, तो हक्क कमी आणि नशीब जास्त.

न्यायबुद्धीचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. न्यायाधीश आपल्याच समाजातून येतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात म्हटलं गेलं, की सबळ कारणाशिवाय पतीला आईवडिलांपासून वेगळं व्हायला लावणं ही क्रूरता ठरू शकते. आपल्याकडे मुलगा लग्नानंतर आईवडिलांपासून वेगळा होत नाही. आता विचार करा. वृद्ध आईवडिलांना सांभाळावं, हे तत्त्व आम्हाला पूर्ण मान्य आहे, आमचं वयही त्याच बाजूचं आहे. पण लग्नाच्या दिवशीच आईवडिलांपासून वेगळी झालेली एक व्यक्ती त्या खटल्यात होतीच की! तिचं वेगळं होणं रीत ठरलं, त्याचं वेगळं होणं क्रूरता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंच स्त्रियांविषयीच्या साचेबंद समजुतींबद्दल न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. म्हणजे दुखणं कळलेलं आहे. पुस्तिका टेबलावर असणं आणि ती डोक्यात उतरणं, यांत मात्र वेळ जातो.

एका गृहस्थांची चिठ्ठी आली आहे. वाचतो. “सर, तुम्ही फक्त स्त्रियांची बाजू मांडता. खोट्या केसेसमध्ये पुरुष भरडले जातात. मुलांना भेटायला बाप तरसतात. ही कुठली समता?” चिठ्ठी पाठवल्याबद्दल आभार. यातला दुसरा भाग आम्ही आधी घेतो, कारण तो आम्हाला पटतो. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात वडील हे पहिले नैसर्गिक पालक आणि पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, अशी वाटणी आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ‘वडिलांनंतर आई’ याचा अर्थ सैल केला, तरी मूळ कल्पना तीच राहिली. अधिकार बापाचा आणि दुपटी आईची. हीच कल्पना पुढे बापावर उलटते. ज्याला कधी दुपटी बदलायला शिकवलं नाही, तो न्यायालयाच्या खोलीत ठरलेल्या तासाला, परक्यांच्या देखत, मुलाला चॉकलेट देताना अवघडून बसतो. आम्ही पाहिले आहेत असे बाप, आणि पोटात कालवलं आहे. पण गृहस्थहो, त्यांना त्या खुर्चीवर बसवलं कुणी? समतेनं नाही. विषमतेनंच. ‘बाई मूल सांभाळणार, बुवा पैसे आणणार’ या साच्यातून दोघंही सुटतील तेव्हा मुलाच्या ताब्याचा प्रश्नही सुटायला लागेल.

राहिल्या खोट्या तक्रारी. खोटं बोलणारी माणसं दोन्हीकडे असतात. मिळकत लपवणं हेही खोटंच, आणि ते कुणी करतं हे सांगायला नको. त्यावर उपाय एकच आहे, दोघांकडूनही शपथेवर हिशेब घ्या आणि खोट्याला शिक्षा करा. प्रतिज्ञापत्राचा नियम दोघांनाही लागू आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मिळकत नसलेला पतीही कमावत्या पत्नीकडून अंतरिम पोटगी मागू शकतो, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्यानं घर सांभाळलं त्याला वाटा, मग ते ‘तो’ असो की ‘ती’.

मग करायचं काय? आमच्यापुरतं आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, क्रम बदला. आज बहुधा आधी समुपदेशन, मग तारखा, मग कधीतरी पोटगी, असा प्रवास होतो. तो उलटा हवा. आधी दोघांची प्रतिज्ञापत्रं, तात्पुरती पोटगी आणि राहण्याची सोय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २६ मुळे निवासाचा आदेश कौटुंबिक न्यायालयातही मागता येतो, त्याचा उपयोग करा. पायाखाली जमीन आली की मग दोघांना समोरासमोर बसवा आणि खुशाल समेटाचं बोला. कुणी म्हणेल, अशानं घरं मोडतील. आम्हाला उलट वाटतं. जिला परत न जाणं शक्य आहे तीच खऱ्या अर्थानं परत जाऊ शकते. जिच्यापुढे दुसरा मार्गच नाही, तिच्या परत जाण्याला समेट कसं म्हणायचं?

दुसरी, संमती तपासा. परस्पर संमतीनं दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, असं याच कायद्याचं कलम १९ सांगतं. म्हणजे ती सही शेवटची. मग ती घेण्याआधी न्यायाधीशानं दोन ओळी लिहाव्यात, की यात कुणी काय सोडलं, आणि सोडताना त्याच्यापुढे दुसरा पर्याय काय होता. वार्षिक तक्त्यात ‘तडजोडीनं निकाली’ या रकान्याशेजारी ‘अंतरिम पोटगी मिळाल्यानंतर’ आणि ‘मिळण्याआधी’ असे दोन उपरकाने करा. खर्च काही नाही, एक उभी रेघ ओढायची आहे.

तिसरी गोष्ट न्यायालयाच्या हातात नाही, संसदेच्या आहे. मालमत्तेतल्या वाट्याचा कायदा करा, आणि कलम चारमध्ये विवाहसंस्थेच्या जतनाच्या आधी दोन्ही पक्षांच्या समान प्रतिष्ठेशी बांधिलकी लिहा. मग संस्था टिकायची असेल तर टिकेल, आणि टिकली तर तिचा अभिमानही वाटेल.

सुरुवातीला दोन प्रश्न घेतले होते. ठरवलेलं साधलं का? काही अंशी. समुपदेशक आले, बंद दार आलं, स्त्री न्यायाधीश आल्या. लवकर निकाल मात्र साधला नाही. आणि ठरवलेलं पुरेसं होतं का? नाही. भांडण मिटणं आणि अन्याय मिटणं यांत अंतर आहे, आणि हे न्यायालय पहिलं मोजतं, दुसरं मोजत नाही.

ती विद्यार्थिनी आता शिकवण्या घेते. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. भेटली की हसून बोलते, त्या दिवसाचा विषय काढत नाही. आम्हीही काढत नाही. पण ‘घरी जाऊन विचार करा’ असं कुणी कुणाला सांगताना ऐकलं, की तिनं बाकावर विचारलेलं आठवतं. “कुठल्या घरी?” न्यायालयानं या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं. समुपदेशन त्यानंतर.

वेळ झाली आहे. कायद्याच्या कलमांत कुठं पाय घसरला असेल तर समोर बसलेल्या वकील मंडळींनी सांभाळून घ्यावं. इथंच थांबतो.